चौकोनी नाण्यावरची चूक कशी वाचावी

वसमत तालुका १९४८च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, पुढे परभणी जिल्ह्यात राहिला आणि १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा झाला तेव्हा त्यात गेला. या बदलांची खूण इथल्या जुन्या घरांतल्या चिल्लरीत अजून सापडते. मीर उस्मान अली खान यांच्या राजवटीतला चौकोनी एक आणा, स्वतंत्र भारताचा चौकोनी पाच पैसा, षटकोनी तीन पैसे आणि वीस पैसे, पाकळीदार कडेचे दहा पैसे, १९९२पासूनचा अकरा बाजूंचा दोन रुपया आणि आता चलनात असलेला बारा बाजूंचा वीस रुपया, एवढी बिनगोल नाणी इथल्या तीन पिढ्यांच्या हातांतून गेली. त्यांतले एखादे नाणे विचित्र निघते. चित्र एका कोपऱ्यात सरकलेले, कडेचा तुकडा गायब, एका बाजूला उलटी छाप. हल्ली असे नाणे दिसले की पहिला प्रश्न किमतीचा येतो. तो चुकीचा नाही, फक्त फार लवकर विचारला जातो. आधी विचारायचे ते हे की विचित्रपणा टांकसाळीत घडला की बाहेर, आणि टांकसाळीत घडला असेल तर कोणत्या पायरीवर. बिनगोल नाण्याच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर गोल नाण्यापेक्षा नेमके देता येते, कारण नाण्याचे कोन आणि बाजू स्वतःच मोजमापाचे साधन होतात. आपल्याकडच्या चर्चेत नेमका हाच मुद्दा राहून जातो.

मुळात चूक म्हणायची तर आधी प्रमाण हवे. इसवी सनापूर्वीची चांदीची आहत नाणी बहुधा वेडीवाकडी चौकोनी असतात. पत्र्याचे तुकडे कापायचे, वजन जुळेपर्यंत कोपरे छाटायचे आणि मग एकेक चिन्ह ठोकायचे, अशी त्यांची रीत होती. तिथे प्रमाण वजनाचे होते, आकाराचे नव्हते. म्हणून छाटलेला कोपरा किंवा कडेवरून निम्मे बाहेर गेलेले चिन्ह यांना चूक म्हणता येत नाही. शिवराईचेही तसेच. तांब्याच्या चकतीपेक्षा ठसा मोठा असल्याने ‘श्री राजा शिव’ किंवा ‘छत्र पति’ ही अक्षरे पुष्कळ नाण्यांवर पूर्ण उमटलेली नाहीत. अर्धवट अक्षरांची शिवराई ‘मिसप्रिंट’ म्हणून जादा दराने विकणारा माणूस हातठोक नाण्याला यंत्राचा नियम लावत असतो. प्रत्येक नाणे आधीच्या नाण्यासारखेच निघावे ही अपेक्षा यंत्राने आणली, आणि टांकसाळी चूक ही कल्पनाही तिच्याबरोबरच आली. ब्रिटिश हिंदुस्थानात मुंबईची टांकसाळ १८२९च्या सुमारास वाफेच्या यंत्रांवर चालू झाली, तर हैदराबादेत सैफाबादची यंत्र टांकसाळ विसाव्या शतकाच्या आरंभी उभी राहिली. मराठवाड्यात निजामाच्या नाण्याला ‘हाली’ आणि ब्रिटिशांच्या नाण्याला ‘कलदार’ म्हणत. १०० कलदार रुपयांना ११६ रुपये १० आणे ८ पै हाली, असा त्यांचा ठरलेला दर होता. सात हालीला सहा कलदार या हिशेबाने तो बरोबर जुळतो. पैपर्यंत हिशेब ठेवणाऱ्या या बाजारात नाणी एकसारखी असणे ही रोजची गरज होती.

बिनगोल आकार शोभेसाठी निवडला जात नाही. अंधारात, गर्दीत किंवा अक्षरओळख नसलेल्या हाताला नाणे चाचपून कळावे हा त्यामागचा मुख्य हेतू. १९०६-०७पासूनचा पाकळीदार कडेचा एक आणा, १९१८चे चौकोनी दोन आणे आणि १९१९चे अष्टकोनी चार आणे यांच्यामागे हाच विचार होता. १९५७ला दशमान पद्धत आल्यावर तो पुढे चालू राहिला. दोन आणि दहा नव्या पैशांना पाकळ्या मिळाल्या, पाच नवे पैसे चौकोनी झाले. १९६४पासून अॅल्युमिनियम-मॅग्नेशियमची हलकी नाणी आली तेव्हा तीन पैसे षटकोनी झाले आणि एक पैसाही गोल न राहता चौकोनी झाला. वापरणाऱ्याची सोय झाली, टांकसाळीचे काम मात्र वाढले. नाणे घडवण्याच्या पायऱ्या थोडक्यात अशा. पत्र्याच्या पट्टीतून कोऱ्या चकत्या कापायच्या, तापवून मऊ करायच्या, कडा जरा उचलून घ्यायच्या आणि मग वरचा ठसा, खालचा ठसा व सभोवतीचे कडे यांच्यामध्ये दाब द्यायचा. दाबाखाली धातू पसरतो, कडे त्याला अडवते आणि नाण्याला बाह्याकार मिळतो. गोल चकतीची कड दोन पृष्ठभागांमध्ये गरगर फिरवून उचलता येते. चौकोनी चकती तशी फिरत नाही. चौकोन किंवा षटकोनासाठी चकतीच त्या आकारात कापणे सोयीचे पडते. अकरा-बारा बाजू किंवा उथळ पाकळ्या असतील तर आकार वर्तुळाच्या इतका जवळ असतो की गोल चकती कड्यात दाबूनही कोन काढता येतात. हा फरक लक्षात ठेवला पाहिजे, कारण पुढच्या बहुतेक कसोट्या त्यावर उभ्या आहेत.

पहिली कसोटी बाह्यरेषेची. चकती कड्यात नीट न बसता बाहेर दाबली गेली तर तिला अडवायला काही राहत नाही. ती पसरते आणि नाणे ठरलेल्या मापापेक्षा रुंद व पातळ निघते. गोल नाण्यात हा दोष फक्त मापाचा फरक म्हणून दिसतो. बिनगोल नाण्यात तो त्याहून जास्त सांगतो. कड्याबाहेर दाबलेले पाकळीदार नाणे गोल निघाले, तर मूळ चकती गोल होती आणि पाकळ्या कड्याने दिल्या होत्या. बोथट पाकळ्या राहिल्या असतील, तर चकतीच पाकळीदार कापली होती. म्हणजे फसलेले नाणे चांगल्या नाण्यातून कळणार नाही अशी कारखान्याची एक गोष्ट सांगून जाते. कडेचा तुकडा गायब असलेल्या नाण्यालाही हेच लागू. पट्टी पुरेशी पुढे न सरकता कापणी झाली की नव्या चकतीत आधीच्या भोकाचा भाग येतो आणि तेवढा तुकडा कमी पडतो. गोल चकतीत ही खाच नेहमी वक्र असते. षटकोनी चकतीतली खाच मात्र षटकोनाच्या बाजूने किंवा कोपऱ्यानेच झालेली असली पाहिजे, म्हणजे सरळ रेषेची किंवा १२० अंशांच्या कोनाची. षटकोनीच कापलेल्या चकतीच्या तीन पैशांवर नेटकी अर्धचंद्राकृती खाच दिसली तर संशय टांकसाळीपेक्षा कानशीवर जावा. गोल नाण्याच्या खाचेसाठी संग्राहक आणखी एक खूण पाहतात. कड उचलताना खाचेसमोर दाब न मिळाल्याने तिथली कड फिकी राहते. पण ही खूण फिरवून उचललेल्या कडेची आहे. चौकोनी नाण्यावर ती दिसली नाही म्हणून नाणे खोटे ठरत नाही. गोल नाण्यांसाठी लिहिलेल्या पुस्तकी कसोट्या जशाच्या तशा उचलल्या तर खरे नाणे फेकले जाईल आणि खोटे घरात येईल.

दुसरी कसोटी अंशांची, आणि ती बिनगोल नाण्यांची खासियत आहे. भारतीय प्रजासत्ताकाच्या नाण्यांवर दोन्ही बाजू एकाच दिशेने उभ्या असतात. सिंहमुद्रा सरळ धरून नाणे डावी-उजवीकडे पालटले की मागची बाजूही सरळ दिसते. मागची बाजू तिरकी किंवा उलटी दिसली तर ठसा फिरलेला आहे, आणि आपल्या बाजारात ‘एरर’ म्हणून विकल्या जाणाऱ्या नाण्यांत हा प्रकार मुबलक आहे. गोल नाण्याचा ठसा सैल झाला की कोणत्याही अंशात फिरू शकतो. बिनगोल नाण्याच्या ठशाचे तोंड कड्याच्या आकारातच बेतलेले असते, नाहीतर ते कड्यात उतरणार नाही. त्यामुळे तो चुकीचा बसवला गेला तरी ठरावीक पायऱ्यांनीच फिरू शकतो. चौकोनी पाच पैशांवर ९०, १८० किंवा २७० अंश, षटकोनी तीन पैशांवर ६०च्या पटीत, आठ पाकळ्यांच्या नाण्यावर ४५च्या पटीत, बारा बाजूंच्या वीस रुपयांवर ३०च्या पटीत. अकरा बाजूंच्या दोन रुपयांवर पायरी जवळजवळ ३२.७ अंशांची येते आणि अकरा ही विषम संख्या असल्याने नेमका १८० अंशांचा उलटा ठसा तिथे बसूच शकत नाही. सगळ्यांत जवळचे अंश १६४ आणि १९६ हेच. ‘पूर्ण उलटा’ म्हणून पुढे केलेला दोन रुपया कोनमापकावर ठेवला तर हा फरक साध्या डोळ्यांनाही जाणवावा.

यावर एक आक्षेप रास्त आहे. पाच-दहा अंश तिरके चित्र असलेली बिनगोल नाणी दिसतात, मग पायऱ्यांचा नियम मोडला की काय? मोडत नाही, उलट तो इथे जास्त कामी येतो. ठसा आणि कडे यांच्यात थोडी मोकळीक असतेच, तेवढे एक-दोन अंश सोडून द्यावेत. त्याहून जास्त तिरकेपणा दिसला तर चित्र मागच्या बाजूच्या तुलनेत तिरके आहे की नाण्याच्या स्वतःच्या कडेच्या बाजूंच्या तुलनेत, हे पाहावे. सिंहमुद्रा नाण्याच्या कोपऱ्याशीच जुळत नसेल तर चूक दाबयंत्रावर झालेली नाही. ठसा तयार करताना चित्र त्याच्या आकारावर तिरके उमटवले गेले, आणि मग त्या ठशातून निघालेले प्रत्येक नाणे त्याच अंशात तिरके असणार. असे नाणे एकटे नसते, त्याची भावंडे कुठेतरी असतातच. गोल नाण्यावर या दोन चुका वेगळ्या काढणे जवळपास अशक्य आहे, कारण वर्तुळाला कोपरा नसतो. बिनगोल नाण्यावर ठसा घडवतानाची चूक आणि ठसा बसवतानाची चूक कोनमापकाने वेगळ्या करता येतात.

तिसरी कसोटी बाजारात ‘लखी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रकाराची. दाबलेले नाणे खाली न पडता एका ठशाला चिकटून राहते, पुढची चकती त्याच्यावर येते आणि तिच्या एका बाजूला खऱ्या ठशाची छाप तर दुसऱ्या बाजूला चिकटलेल्या नाण्याचीच आरशातली, खोलगट छाप पडते. या प्रकाराला मागणी असल्याने त्याची नक्कलही खूप होते. दोन नाणी शिकंज्यात आवळली की मऊ अॅल्युमिनियमवर उलटी छाप सहज पडते. ओळखायची रीत अशी. खऱ्या लखी नाण्यावर दुसरी बाजू ठशाखालून आलेली असल्याने ठसठशीत असते. शिकंज्यातल्या नाण्याची दुसरी बाजू चेपलेली असते आणि खोलगट छापेखाली मूळ चित्राचे अवशेष राहतात. चौकोनी नाण्यात आणखी एक साक्ष मिळते. चिकटलेले नाणे कड्याच्या आतच अडकलेले असेल तर त्याची छाप नव्या नाण्याच्या कोपऱ्यांशी जुळून येते, ते सरकलेले असेल तर त्याच्या कोपऱ्याची रेघ स्पष्ट उमटते आणि त्या जागी धातूही तसाच पसरलेला असतो. कोपरे जुळत नाहीत, रेघही नाही आणि नाण्याचा बाह्याकार मात्र निर्दोष आहे, अशी तिन्ही लक्षणे एकत्र आली तर छाप टांकसाळीबाहेरची.

चौथी कसोटी चुकीच्या धातूची, आणि तीत मोठ्या विद्वत्तेपेक्षा छोटा काटा उपयोगी. तांबे-निकेलचा पाच पैसा सुमारे ४ ग्रॅमचा, तर १९६७पासूनचा अॅल्युमिनियमचा पाच पैसा सुमारे दीड ग्रॅमचा. धातू बदलण्याच्या वर्षांत जुनी चकती नव्या ठशाखाली जाण्याची शक्यता नेहमीच असते, पण नुसता रंग पाहून असा दावा करू नये. मुलामा कोणीही चढवू शकतो, वजन मात्र अडीच ग्रॅमांनी बदलता येत नाही. वीस रुपयांच्या नाण्यात हा प्रश्न वेगळ्या रूपात येतो. मार्च २०१९च्या अधिसूचनेनुसार हे नाणे २७ मिलिमीटरचे, ८.५४ ग्रॅमचे आणि दोन धातूंचे आहे. बाहेरच्या कड्यात तांबे ६५, जस्त १५ व निकेल २० टक्के, तर मधल्या भागात तांबे ७५, जस्त २० व निकेल ५ टक्के. मधला भाग सरकलेला किंवा नसलेलाच, अशी नाणी दाखवली जातात. दोन्ही भाग ठशाच्या दाबानेच एकमेकांत घट्ट बसतात आणि चित्रही त्याच दाबात उमटते. म्हणून मधला भाग टांकसाळीतच सरकला असेल तर चित्र सांध्यावरून अखंड जाते. चित्र सांध्यापाशी तुटले असेल तर हातोडी नंतर चालली आहे.

ठशांच्या चुकीच्या जोडीचा आजच्या काळातला गाजलेला दाखला ब्रिटनमधला आहे, आणि तोही सात बाजूंच्या नाण्याचा. २००८ साली तिथल्या २० पेन्सच्या नाण्याचे चित्र बदलले आणि वर्ष एका बाजूवरून दुसरीकडे नेले गेले. काही नाण्यांसाठी राणीचा जुना ठसा आणि नवा मागचा ठसा एकत्र लावले गेले, त्यामुळे त्यांच्यावर वर्षच आले नाही. तीनशेहून जास्त वर्षांत ब्रिटनमध्ये असे बिनवर्षाचे नाणे निघाले नव्हते. हजारो पौंडांची स्वप्ने रंगली, पण अशी नाणी ५० हजार ते २ लाख असावीत असा अंदाज होता आणि एका खासगी विक्रेत्या कंपनीने नाण्यामागे ५० पौंड देऊ केले. चूक नक्की होती, तिचे कारण नक्की होते, संख्येचा अंदाज होता, म्हणून भाव जमिनीवर आला. आपल्याकडे याच्या उलट चालते. कारण सांगता येत नाही, संख्येचा पत्ता नाही आणि भाव लाखांत. चूक नसलेल्या कितीतरी गोष्टीही चूक म्हणून खपवल्या जातात. वर्षाखाली टांकसाळीची खूण नाही म्हणजे दोष नव्हे, तो कोलकात्याचा रिवाज आहे. मुंबईची खूण हिऱ्याची, हैदराबादची अलीकडे ताऱ्याची, नोएडाची ठिपक्याची. १९९८चे काही अकरा बाजूंचे दोन रुपये दक्षिण आफ्रिकेतल्या प्रिटोरिया टांकसाळीतून आले. त्यांची खूण वेगळी आहे म्हणून ते सदोष ठरत नाहीत.

आता दोन मोठे आक्षेप. पहिला असा की अॅल्युमिनियमची नाणी इतकी मऊ की पन्नास वर्षांच्या झिजेत कोपरे, कडा, अंश काहीच भरवशाचे उरत नाही. हे अर्धे खरे आहे. वाकलेल्या आणि घासलेल्या नाण्यावर निकाल देऊ नये, ‘ठरवता येत नाही’ असे म्हणून ते बाजूला ठेवावे. पण झीज उंचवटे खाते, चित्राची दिशा बदलत नाही. कोपरे बोथट झाले तरी बाजूंच्या रेषा वाढवून कोन काढता येतो. झिजेने गायब झालेली कड हळूहळू उतरत जाते, कापणीतली खाच एकदम संपते. दुसरा आक्षेप जास्त मुळावर घाव घालतो. सदोष नाणे म्हणजे कारखान्याच्या तपासणीतून निसटलेला रद्दी माल, मग त्याचा एवढा अभ्यास कशाला? उत्तर असे की बिनचूक नाणे आपली घडण लपवते. एखाद्या वर्षी चकती कोणत्या आकारात कापली गेली, ठसे कसे बसवले गेले, धातू नेमका कधी बदलला, हे सामान्य माणसाला कोणी सांगत नाही. निसटलेले नाणे ते सांगते. हैदराबादच्या टांकसाळीने निजामाचा चौकोनी आणा पाडला आणि संस्थान विलीन झाल्यावर भारत सरकारची नाणीही पाडली. राज्य बदलले तेव्हा जुनी यंत्रे आणि हातांच्या सवयी किती काळ टिकल्या, याचा एक छोटा पण हातात धरता येणारा पुरावा तिथल्या सदोष नाण्यांत मिळू शकतो. मराठवाड्यात हे साहित्य अजून सहज मिळू शकते.

हा पुरावा बाजार झपाट्याने नासवतो आहे. ३० जून २०११पासून २५ पैसे आणि त्याखालची नाणी चलनातून गेली, त्यामुळे पाच पैशांना दुकानात काही मोल उरले नाही आणि त्यांच्याविषयी काहीही सांगता येऊ लागले. मोबाइलवर येणारे ‘जुने नाणे द्या, लाखो मिळवा’ छापाचे निरोप, त्यामागून मागितले जाणारे शुल्क आणि कर, हे इतके वाढले की रिझर्व्ह बँकेला ४ ऑगस्ट २०२१ रोजी जाहीर इशारा द्यावा लागला. आपण अशा व्यवहारांत नाही, कोणतेही शुल्क घेत नाही आणि कोणाला तसा अधिकार दिलेला नाही, हा त्याचा आशय. दुसऱ्या टोकाला, मागणी आहे म्हणून चांगली नाणी कापणे आणि आवळणे चालते. नाणी कायदा, २०११ नाणी वितळवण्यास व नष्ट करण्यास मनाई करतो आणि विद्रूप केलेले नाणे वैध चलन मानत नाही. कानशीने घडवलेली ‘चूक’ म्हणजे बुडवलेले पैसे आणि वर फसवणूक.

म्हणून निवाडा असा. बिनगोल नाण्यावरच्या चुकीचे मोल तिच्या विचित्रपणात नाही, ती टांकसाळीतल्या कोणत्या पायरीवर घडली हे सांगता येण्यात आहे, आणि ते सांगण्याची सोय नाण्याच्या आकारानेच करून ठेवली आहे. वसमत असो वा परभणी, ज्यांच्या घरी अशी नाणी असतील त्यांनी ती घासू नयेत आणि विकण्याची घाई करू नये. शतांश ग्रॅमपर्यंतचे वजन, बाजूंची मापे, दोन्ही बाजूंमधला अंशांचा फरक, वर्ष, टांकसाळीची खूण आणि नाणे कुठून आले याची एक ओळ, एवढी नोंद करावी आणि दोन्ही बाजूंची छायाचित्रे सोबत ठेवावीत. शंका राहिल्यास नाशिकजवळ अंजनेरीला १९८०पासून नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे, मुंबईत रिझर्व्ह बँकेचे नाणे संग्रहालय आहे, हैदराबादेत सैफाबादच्या जुन्या टांकसाळीत २०२२पासून संग्रहालय उघडले आहे. या ठिकाणी चांगली नाणी आणि जुनी यंत्रे पाहून यावे. ज्याला बरोबर नाणे ठाऊक नाही, त्याने चुकीच्या नाण्याला पैसे मोजू नयेत.